बूड काळं पडतंय म्हणून टोमॅटो जमिनीत हलवू नका

तुम्ही टाकलेला बादलीतल्या टोमॅटोचा फोटो बघून आमच्या गच्चीवरचा जुना उन्हाळा आठवला. फळ हिरवं असतानाच बुडाशी तपकिरी ठिपका, मग तोच चपटा, काळा, चामड्यासारखा. ‘बादलीत कॅल्शियम कमी पडतंय, अंगणात लावू का?’ असं तुम्ही विचारलंय. हा बुरशीचा रोग नाही, आणि आपल्याकडच्या मातीत कॅल्शियम सहसा कमीही नसतं. ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतं. बादली दुपारी खडखडीत आणि संध्याकाळी चिखल झाली की पोचत नाही.

हे आम्हाला एका सल्ला केंद्राने सांगितलं असतं तर हंगाम वाचला असता. तिथल्या साहेबांनी फळ हातात न घेताच ‘चुना टाका’ म्हणून मोकळं केलं. माती आमच्या सोलापूरची, काळी, चुनखडीची, सामू (pH, मातीच्या आंबट-अल्कधर्मीपणाचं माप) ८ च्या वर. त्यात आणखी चुना! ठिपके राहिलेच, वर कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मिळेनासं झालं. पुन्हा गेलो तर फवारणीची चिठ्ठी, तीही शेजारच्याच दुकानाची. ‘माती कुठली?’ एवढं विचारायला काय जात होतं? असो.

मी तज्ज्ञ नाही, आणि कोकणातल्या आंबट जांभ्या मातीला हे जसंच्या तसं लावू नका. पण काळ्या मातीत माझं मत पक्कं आहे: थंडीत जमीन, पावसाळ्यात ड्रम. जमिनीत ओल टिकते, मुळं खोल जातात, एखादं पाणी चुकलं तरी चालतं. पावसाळ्यात मात्र त्याच जमिनीत पाणी साचून झाड बसतं. लावायचंच तर उंच वरंब्यावर लावा. आधी तिथे वांगी-मिरची मर लागून (झाड सुकवणारा रोग) गेली असेल तर तेही नको.

बादली ठेवणार असाल तर वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. तो सारून बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, तेही खालून निथळेपर्यंत. कडक उन्हात सकाळ-संध्याकाळ बघावं लागतं. मोठा ड्रम घेतलात तर आधी जागा ठरवा, ओल्या मातीसकट ५० लिटरचा ड्रम सत्तर किलोच्या आसपास जातो. तो भिंतीलगत ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको.

आणि २० लिटरच्या बादलीला ठेंगणी, झुडपासारखी वाढणारी जात मागा. दुकानदार उंच वेलासारखी संकरित जात गळ्यात मारतो, ती बादलीत रोज दुपारी माना टाकते.