कुंडीतील झाडांसाठी पाण्याचा सामू किती असावा आणि खत किती द्यावे?

आपण लिहिले आहे की गोव्यातील पर्वरीच्या सदनिकेत आपल्या वीसेक कुंड्या आहेत, नळाच्या पाण्याचा सामू (पीएच; 7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) मीटरवर 7.8 दिसतो, तो उतरावा म्हणून गेले दोन महिने आपण प्रत्येक बादलीत झाकणभर व्हिनेगर घालत आहात, आणि तरीही जास्वंद, मोगरा व अबोली यांची कोवळी पाने पिवळीच फुटत आहेत. मी फोंडा तालुक्यात राहते; अंगण व गच्ची मिळून सत्तरेक कुंड्या गेली अठरा वर्षे सांभाळते आहे. माझे स्पष्ट मत असे की व्हिनेगर आजच बंद करावे, कारण 7.8 हा आकडा बहुधा निर्दोष आहे आणि खरा गुन्हेगार बादलीत नसून कुंडीत आहे.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात सामू 6.5 ते 8.5 यांच्या दरम्यान असावा असे म्हटले आहे, म्हणजे आपले पाणी त्या मर्यादेत आरामात बसते. कुंडीतील मातीचा सामू साधारण 5.5 ते 6.5 असला तर बहुतेक फुलझाडांना अन्नद्रव्ये नीट मिळतात, हे खरे आहे. परंतु मातीचा सामू आणि पाण्याचा सामू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाण्याचा आकडा मातीच्या आकड्यावर किती चाल करील हे त्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटांवर, म्हणजे आम्ल रिचवणाऱ्या क्षारांवर, ठरते; या रिचवण्याच्या ताकदीलाच अल्कलीपणा म्हणतात. कढत पाण्याचा एक थेंब आणि कढत पाण्याचा हंडा यांचे तापमान सारखेच असते, पण अंगावर पडल्यावर दोहोंतला फरक कोणालाही सांगावा लागत नाही. सामूचेही तसेच आहे: 7.8 सामूच्या एका पाण्यात लिटरमागे 40 मिलिग्रॅम चुनखडीइतका अल्कलीपणा असू शकतो आणि त्याच सामूच्या दुसऱ्या पाण्यात 200 मिलिग्रॅम. पावसाळा सोडून वर्षाचे 240 दिवस एका कुंडीला रोज एक लिटर पाणी घातले, तर पहिल्या पाण्याने त्या कुंडीत वर्षाकाठी सुमारे 10 ग्रॅम चुनखडीचा परिणाम होईल आणि दुसऱ्याने सुमारे 48 ग्रॅमचा, म्हणजे मूठभर चुना मातीत कालवल्यासारखा. मीटर मात्र दोन्ही वेळा तोच आकडा दाखवील.

हा अल्कलीपणा मोजण्यासाठी प्रयोगशाळा गाठण्याची गरज नाही. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात केएच नावाची थेंबांची चाचणी मिळते. पाण्याचा रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, आणि नेहमीच्या चाचणीत एक थेंब म्हणजे लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम. पाच-सहा थेंबांत रंग बदलला तर निश्चिंत राहावे, आठ-नऊच्या पुढे गेला तर विचार करावा. त्याहून सोपी खूण म्हणजे गीझरची कॉइल व चहाचे पातेले पाहणे: त्यांवर पांढरे, कडक कवच साचत नसेल तर आपले पाणी मृदू आहे. जांभ्या दगडातून झिरपलेले आपल्याकडील विहिरींचे पाणी बहुधा असे मृदू, क्वचित किंचित आम्लधर्मीच असते. खाजनांच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनींच्या) व किनाऱ्याच्या पट्ट्यातील विहिरींना एप्रिल-मे महिन्यांत मचूळ चव येते, परंतु तो दोष मिठाचा आहे आणि त्यावर सामू बदलण्याचा काही इलाज चालत नाही.

व्हिनेगरचा हिशेबही एकदा करून पाहावा. 15 लिटरच्या बादलीत 10 मिलिलिटर साधे व्हिनेगर घातले तर लिटरमागे 25 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कलीपणा कमी होतो. पाणी मृदू असेल तर मीटरवरचा आकडा त्यामुळे बराच खाली येतो आणि आपल्याला काम झाल्याचे समाधान मिळते. परंतु व्हिनेगरमधील आम्ल मातीतील सूक्ष्मजीव काही दिवसांतच खाऊन टाकतात, त्यामुळे मातीत त्याचा परिणाम टिकत नाही. परिणाम दिसत नाही म्हणून माणूस मात्रा वाढवतो, आणि मग कोवळी मुळे भाजतात.

आता कुंडीकडे वळू. कुंड्या मातीच्या आहेत, प्लास्टिकच्या आहेत की सिमेंटच्या, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे.

सहा वर्षांपूर्वी मी रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून सिमेंटच्या आठ देखण्या कुंड्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी त्यांत अबोली लावली. सासूबाईंना केसांत माळायला घरची अबोली हवी असे, म्हणून ती जरा थाटात लावावी एवढाच हेतू होता. दीड महिन्यात प्रत्येक रोपाचे शेंड्याकडचे पान फिकट पिवळे होऊ लागले, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. मी आधी शेणखत घातले, मग युरिया घातला, मग पाणी कमी केले, आणि प्रत्येक उपायाने रोपे अधिकच केविलवाणी झाली. शेवटी नववी, रिकामी पडलेली तशीच एक कुंडी धुण्यासाठी मी भोकाला बूच मारून पाणी भरून ठेवली होती, तिच्यात सकाळी हळदीचा हात बुचकळला आणि बोटे लालभडक झाली. कुंकू हळदीला चुना लावूनच करतात, हे लहानपणापासून पाहिलेले. तेव्हा कुंडीच्या पाण्यात चुना उतरला आहे हे कळायला मीटर लागला नाही. नव्या सिमेंटमधून पाझरणाऱ्या पाण्याचा सामू 12 च्या घरात जाऊ शकतो, आणि अशा भिंतीला टेकलेल्या मुळांना मातीत लोह असूनही घेता येत नाही.

ही परीक्षा आपणही करून पाहावी. कागदी रुमालाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावा, कुंडीच्या तळातून निथळलेल्या पाण्याचा थेंब त्यावर टाकावा, आणि तो तांबडा झाला तर सामू 8 च्या वर गेला आहे असे समजावे. रंग बदलला नाही तर सामू 5 आहे की 7 हे मात्र हळद सांगत नाही, तेवढी तिची मर्यादा ओळखून असावे. सिमेंटच्या नव्या कुंड्यांत झाड लावण्याआधी दोन-तीन आठवडे पाणी भरून ते रोज बदलावे, आणि हळदीचा कागद तांबडा होणे थांबल्यावरच माती भरावी. माझ्या त्या अबोली मी मातीच्या कुंड्यांत हलवल्या. आठांतली पाच रोपे वाचली.

कुंड्या सिमेंटच्या नसतील तर मिश्रणात काय काय गेले आहे ते आठवावे. आपल्याकडील तांबडी माती मुळात आम्लधर्मी असते. तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतात आणि अन्नद्रव्ये साठवण्याची तिची ताकद बेताचीच असते, म्हणून ती एकटी न भरता तिच्यात निम्म्याच्या आसपास कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व कोकोपीट मिसळावे. कोकोपीटमध्ये पुष्कळदा मीठ असते, तेव्हा ते भिजवून दोन-तीनदा पिळून धुतल्याखेरीज वापरू नये. चुलीची राख ही आपल्या घरांतली जुनी सवय आहे. अंगणातल्या माडाला ती मानवते, कारण तिथे पाऊस व आम्लधर्मी जमीन तिला पचवतात, परंतु दहा लिटरच्या कुंडीत दर आठवड्याला मूठभर राख म्हणजे सिमेंटच्या कुंडीचाच प्रकार झाला. अंड्यांच्या टरफलांविषयी जो उत्साह दिसतो तो मला समजत नाही: न दळलेली टरफले इतकी सावकाश विरघळतात की त्यांचा फायदा आणि तोटा दोन्ही नगण्य. मासे धुतलेले पाणी कढीपत्त्याला घालण्याची पद्धत मात्र मी मोडलेली नाही, फक्त मीठ लावण्याआधीचे पहिले पाणीच घालावे आणि मांजरांची तयारी ठेवावी.

पानांचा पिवळेपणा कुठे सुरू झाला हेही नीट पाहावे. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील तर लोहाची उणीव असते. खालच्या जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियमची. आणि खालची पाने सरसकट फिकी होऊन गळत असतील तर नत्राची (नायट्रोजनची). आपले वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळते. परंतु लोहाची उणीव म्हणजे मातीत लोह नाही असे नव्हे; तांबड्या मातीचा तांबडेपणाच मुळी लोहाचा आहे. सामू वाढल्यामुळे किंवा तळाचे भोक बुजून मुळे सतत भिजत राहिल्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. म्हणून कुंडी उचलून भोक पाहावे, खालच्या ताटलीत पाणी साचत असेल तर ताटली काढावी, आणि बोटाने दोन पेरे खोल माती चाचपून ती ओली असल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये. सदनिकांच्या सज्जांत मी जी पिवळी झाडे पाहिली आहेत त्यांतली निम्मी तरी केवळ एवढ्याने सुधारली.

तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधून ठेवलेले लोह, द्यावे. पाकिटावर ईडीटीए लिहिलेले असेल तर ते साधारण 6.5 सामूपर्यंतच चांगले टिकते, डीटीपीए 7.5 पर्यंत, आणि त्याहून अल्कधर्मी मातीत ईडीडीएचए लागते. दुकानदार हे सांगत नाही, पाकीट उलटून आपणच वाचावे. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त असते, पण अल्कधर्मी मातीत घातल्यास काही दिवसांत तिचा गंज होऊन ती निरुपयोगी होते. म्हणून लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावी, आणि खाली फरशी असल्यास वर्तमानपत्र पसरावे, कारण तिचे डाग जात नाहीत. मातीचा सामू खरोखर उतरवायचा असेल तर गंधकाची भुकटी चमचाभर मिसळावी. जिवाणू तिचे आम्ल करतात आणि त्याला काही आठवडे ते महिने लागतात, तेव्हा रोज मीटर खुपसून पाहण्यात अर्थ नाही.

मोजायचेच असेल तर बादलीतले नव्हे, निथळलेले पाणी मोजावे. कुंडीला नेहमीप्रमाणे पाणी द्यावे, तासाभराने वरून आणखी 100 मिलिलिटर पाणी सावकाश ओतावे आणि खाली जे निथळेल त्याचा सामू व क्षार पाहावेत. पेनासारखा मीटर 4 व 7 सामूच्या द्रावणांत मिळवून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विसंबू नये. माझा पहिला मीटर तब्बल एक अंकाने चुकत होता, आणि या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट. टीडीएस पेनावर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर) निथळलेल्या पाण्याचा आकडा 1500 च्या वर दिसला, किंवा मातीच्या कुंडीच्या अंगावर पांढरी पापुद्र्यासारखी खपली आली, तर खत थांबवून कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढावेत.

खताच्या मात्रेविषयी माझा नियम कंजूषपणाचा आहे. वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद व पालाश सारख्या प्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरमागे 1 ग्रॅम, तेही आधी माती ओली करून, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा सूक्ष्म अन्नद्रव्ये, एवढे कुंडीला पुरते. जुन्या पानांत मॅग्नेशियमची उणीव दिसली तर एप्सम सॉल्ट लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा घालून फवारावे. नत्र कोणत्या रूपात देतो यावरही मातीचा सामू सरकतो: अमोनियम व युरिया माती आम्लधर्मी करत नेतात, कॅल्शियम नायट्रेट उलट दिशेने ढकलते. त्यामुळे आपले पाणी थोडे जड निघाले तरी व्हिनेगरऐवजी अमोनियम सल्फेट लिटरमागे अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, एवढ्यानेच तोल सांभाळता येतो.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे उघड्यावर ठेवलेल्या बारा इंची कुंडीच्या तोंडावर त्या चार महिन्यांत 200 लिटरहून अधिक पाणी पडते. पावसाच्या पाण्याचा सामू 5.6 च्या आसपास असतो आणि त्यात विरघळलेले जवळजवळ काहीच नसते, त्यामुळे ते मातीतील नत्र, पालाश, कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेते. त्या दिवसांत विद्राव्य खत देणे म्हणजे ते गटारात ओतणे होय. निंबोळी पेंड व हाडांचा चुरा यांसारखी सावकाश विरघळणारी खते जूनच्या आधी मिसळावीत. चवथीनंतर पाऊस ओसरला की वरची दोन इंच माती काढून तिथे गांडूळखत भरावे, आणि कुंडीत निव्वळ तांबडी माती असेल तर चहाचे चार-पाच चमचे डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त चुनखडीची भुकटी) मिसळावे, कारण त्या वेळी ती अधिकच आंबट झालेली असते. हा शेवटचा उपाय सिमेंटच्या कुंडीला मुळीच लागू नाही.

आपण या आठवड्यात एकच काम करावे: सर्वांत पिवळी जास्वंद निवडून तिचे निथळलेले पाणी हळदीच्या कागदावर व मीटरवर तपासावे आणि कुंडी कशाची आहे त्यासह ते आकडे इथे लिहावेत. उपाय लागू पडला तर दोन-तीन आठवड्यांत नवी पाने हिरवी फुटतील. आधी पिवळी झालेली पाने पूर्ववत होतीलच असे नाही, पण ती स्वतःहून गळेपर्यंत तोडू नयेत.