कॉक्लियर इम्प्लांटचे क्षेत्र : सर्जन की ऑडिओलॉजिस्ट?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या धाकट्या मुलाच्या आतल्या कानाची रचना जन्मतः अपुरी आहे, त्याच्यावर कॉक्लियर इम्प्लांटची (श्रवणनसेला विजेचे संकेत देणारे उपकरण आतल्या कानात बसवण्याची) शस्त्रक्रिया झाली आणि बारावी विज्ञान शाखेतील थोरली मुलगी आता याच क्षेत्रात जायचे म्हणते, असे तुम्ही कळवले आहे. त्यासाठी डॉक्टरच व्हावे लागेल का, असे तुम्ही विचारता. तसे नाही, मात्र सर्जन आणि ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) या दोन्ही वाटांवरचे काम वेगळे आहे आणि निवड त्यावरूनच करावी.

जन्मजात कर्णबधिर मुलांपैकी सुमारे 20 टक्के मुलांच्या स्कॅनमध्ये अशी विकृती दिसते. कॉक्लियाला, म्हणजे आतल्या कानातील शंखासारख्या भागाला, एरवी अडीच वेढे असतात. इटालियन शरीररचनातज्ज्ञ कार्लो मोन्दिनी यांनी 1791 मध्ये वर्णन केलेल्या प्रकारात ते दीडच असतात आणि काही मुलांत तर वेढ्यांच्या जागी नुसती पोकळी असते. अशा कानात चेहऱ्याची नस नेहमीच्या जागी सापडेलच असे नाही. कॉक्लिया उघडताच मेंदूभोवतीचे पाणी वेगाने बाहेर येऊ शकते आणि ती वाट नीट बंद झाली नाही, तर पुढे मेंदूच्या आवरणाचा दाह होण्याचा धोका राहतो. हे सर्जनचे काम करायचे तर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, 3 वर्षांचे एमएस ईएनटी (कान-नाक-घसा) आणि त्यानंतर ज्येष्ठ सर्जनच्या हाताखालची उमेदवारी, एवढी तयारी हवी.

ऑडिओलॉजिस्टचे काम कमी प्रतीचे आहे, हा समज मात्र कृपया मनातून काढावा. विकृत रचनेच्या कानाला अनेकदा जास्त विद्युतप्रवाह लागतो, त्यामुळे आवाजाबरोबर चेहऱ्याचे स्नायूही फडफडू शकतात. मग इम्प्लांटमधील नेमका कोणता इलेक्ट्रोड (कानात वीज पोहोचवणारा बिंदू) त्याला कारण आहे हे शोधून तो बंद करावा लागतो, आणि तेही स्वतःला काय होते आहे हे सांगू न शकणाऱ्या लहान मुलाच्या केवळ हालचालींवरून. असे मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडचा प्रवाह मुलानुसार ठरवण्याचे काम, पुढे वर्षानुवर्षे चालते. यासाठी इंटर्नशिपसह 4 वर्षांचा बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांचा पदवी) अभ्यासक्रम आहे; वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था येथे तो शिकवला जातो. अन्यत्र प्रवेश घेताना मान्यता अवश्य तपासावी.

भावाच्या मायेपोटी घेतलेला निर्णय आणि कामाची ओढ यांतला फरक तिने स्वतः पाहावा, असे मला मनापासून वाटते. तुमच्या ऑडिओलॉजिस्टची आणि संबंधित पालकांची परवानगी मिळाल्यास, तिला इतर मुलांच्या मॅपिंगच्या वेळी काही दिवस बसू द्यावे. नीट परीक्षा तिने यंदा द्यावीच. त्यामुळे दोन्ही वाटा खुल्या राहतील.