प्लायवूडच्या कपाटातून पीठ पडतंय. वरून पॉलिश मारलं तर भुंगा थांबेल का?

नाही थांबणार. पॉलिशवर भुंग्याला अंडी घालता येत नाहीत हे खरं, पण पीठ पडतंय म्हणजे अळी आधीच आत आहे. ती कित्येक महिने लाकडातला स्टार्च खात राहते आणि भुंगा झाली की पॉलिशला भोक पाडून बाहेर येते.

आमच्याच घरात झालंय हे. सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात कमरेच्या वर चढलं. आजीचं सागवानी कपाट धुऊन सावलीत वाळवलं, त्याला काही झालं नाही. प्लायच्या कपाटाचं मी दादाला म्हटलं, मागची फळी काढ, दोन-तीन महिने वारं लागू दे, दिवाळी तशीच जाऊ दे. दादा म्हणाला, दुकानदारानं वॉटरप्रूफ म्हणून दिलंय. दिवाळीच्या आत नव्या पट्ट्या ठोकल्या, पॉलिश मारलं, कपाट भिंतीला चिकटवलंसुद्धा.

अहो, वॉटरप्रूफ असतो तो गोंद! लाकडात २० टक्क्यांवर ओल राहिली की बुरशी धरते, गोंद कितीही भारी असो. उन्हाळ्यात बघितलं तर मागच्या फळीत बोट रुतत होतं. पट्ट्याही मिस्त्रीनं सालीकडच्या पांढऱ्या लाकडाच्या मारलेल्या, भुंग्याला हवं तेच. त्यातून टाल्कम पावडरीसारखं पीठ पडायला लागलं. दादानं काय करावं? वरून आणखी एक हात पॉलिश. पावसाळ्यात पुन्हा भोकं.

तुम्ही जुनं पीठ झाडून खाली काळा कागद ठेवा. आठ-दहा दिवसांत नवं पडलं तर पॉलिश घासून काढा, कोऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा द्या, पूर्ण वाळलं की मगच पॉलिश. लॅमिनेटवरून ते मुरणार नाही, तिथं भोकात सिरिंजनं औषध सोडावं लागतं. पोखरलेली पट्टी सरळ काढून जाळा. रॉकेल उडून जातं, त्याच्या नादी लागू नका.

खोलवरची अळी लगेच मरत नाही, त्यामुळे काही दिवस पीठ पडेल. धान्याच्या फडताळाला हे लावू नका, लेकरांपासूनही लांब ठेवा. आणि ओल असेल तिथं बोरॅक्स धुऊन जातं, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं हवंच. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, त्यानंतर तरी दादानं एवढं ऐकायला हवं होतं.