हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट एकच का? समोर कोणी कोसळले तर सामान्य माणसाने काय करावे?

दोन्ही एक नव्हेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्नायूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो. छातीत दुखते, घाम फुटतो, पण रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाची विद्युत लयच बिघडते, ते आकुंचन पावण्याऐवजी बहुतेकदा नुसते थरथरते, मेंदूकडे जाणारे रक्त थांबते आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, म्हणून लोकांची गल्लत होते.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. एका उन्हाळ्यात शेजारचे काका अंगणात बाजेवर बसल्याबसल्या कलंडले. मधूनच मोठी घरघर येत होती, त्यामुळे श्वास चालू आहे असे समजून आम्ही कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारले आणि रिक्षा शोधत बसलो. हृदय थांबल्यावरही काही मिनिटे माणूस असे आचके देतो, तो श्वास नव्हे, हे मला पुढे कारखान्यातील प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात कळले. काका गेले.

हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर नाडी चाचपत बसू नये. १०८ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवावा व रुग्णाला फरशीवर उताणे घ्यावे, कारण बाजेवर दाबले तर सारा जोर सुतळीत मुरतो. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्यावर दुसरा ठेवून, कोपरे ताठ ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. बरगडी मोडेल ही भीती खोटी नाही, कधी मोडतेही. पण बरगडी सांधते. दाबणारा लवकर थकतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. छाती दाबलीच नाही, तर विजेचा झटका देऊन हृदय पूर्ववत होण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. हा झटका देणारे एईडी यंत्र जवळ असेल तर आणवावे. पुढचे ते स्वतः बोलून सांगते.

बुडालेल्या माणसाला किंवा लहान मुलाला मात्र तोंडाने श्वासही द्यावा लागतो. आणि मागावर कोणाला शॉक बसला असेल, तर हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.