नोकरी नसताना जर्मनीला यायचं म्हणतोयस तर

चान्सनकार्ड (नोकरी शोधायला जर्मनीत राहायचा परवाना) मिळालं म्हणजे सेटल झालो हे आधी डोक्यातून काढ. 2024च्या जूनपासून सुरू झालंय ते, फार तर एक वर्ष नोकरी शोधायची मुभा, तोवर आठवड्याला 20 तास पार्टटाइम, बस्स. खरी गोची घराची. घरमालक तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतो, आपल्याकडे पगारच नाही, आणि पत्ता नोंदवायला (आनमेल्डुंग) घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो, टेम्पररी रूमवाले बरेचदा तो देत नाहीत म्हणून बुक करतानाच विचारून घे. मला शेवटी फ्लॅट मिळाला तर किचनच्या जागी भिंतीतून आलेले दोन पाइप, ओटा नाही सिंक नाही, इथे बऱ्याच ठिकाणी भाडेकरू स्वतःचं किचन आणतो आणि जाताना उचकटून नेतो, खरंच! दीड महिना इंडक्शनवर खिचडी आणि भांडी बाथरूममध्ये. ब्लॉक्ड अकाउंटचे (राहायच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवलेले) पैसे महिन्याच्या हप्त्यानेच निघतात, आणि घराचं डिपॉझिट तीन भाड्यांपर्यंत जातं, म्हणून त्याचे पैसे वेगळे ठेव. भाषेचं म्हणशील तर कार्ड ए1 वरही (जर्मनची सगळ्यात पहिली पातळी) निघतं रे पण आयटी सोडलं तर त्यावर कुणी उभं करत नाही, पुण्यातच निदान बी1 (मधली पातळी) करून ये. आणि नोव्हेंबरात तर येऊच नकोस, साडेचारला अंधार आणि बोलायला कुणी नाही.