पिग्मी प्रतिनिधींचे फोन आणि मोबाईल सुरक्षेची वाढती बाजारपेठ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या सहकारी पतसंस्थेचे पिग्मी प्रतिनिधी रोजची जमा स्वतःच्याच फोनवरील ॲपमध्ये नोंदवतात, संचालक मंडळासमोर मोबाईल सुरक्षेच्या काही कंपन्यांची दरपत्रके आली आहेत, आणि ही बाजारपेठ झपाट्याने वाढत असल्याचे सगळीकडे सांगितले जात असताना त्यांतले नेमके काय घ्यावे. माझे मत आधीच सांगतो. दरपत्रकांचा विचार करण्यापूर्वी प्रत्येक प्रतिनिधीच्या फोनची यादी करा आणि तीत मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती व शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख नोंदवा. उत्पादकाने ज्या फोनला अपडेट देणे थांबवले आहे, तो फोन या बाजारात विकत मिळणाऱ्या कोणत्याही उत्पादनाने सुरक्षित होत नाही, आणि विक्रेत्याच्या सादरीकरणात ही गोष्ट क्वचितच येते.

या बाजारात साधारणपणे तीन प्रकारची उत्पादने मिळतात. पहिल्या प्रकाराला एमडीएम (मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट) म्हणतात; त्यात संस्थेच्या सर्व्हरवरून फोनला नियम लावता येतात, स्क्रीन लॉक सक्तीचा करता येतो आणि फोन हरवल्यास माहिती पुसता येते. दुसरा प्रकार फोनवरील धोकादायक ॲप आणि संशयास्पद नेटवर्क ओळखण्याचा आहे. तिसरा प्रकार फोनला हात न लावता तुमचे ॲपच बळकट करतो, म्हणजे रूट केलेल्या (उत्पादकाची मूळ बंधने काढून टाकलेल्या) किंवा छेडछाड केलेल्या फोनवर ते चालूच देत नाही. आपल्या कामाला तिसरा प्रकार सर्वांत जवळचा आहे, असे मला वाटते. पण तो ॲप तयार करणाऱ्या कंपनीकडून मागावा लागतो, त्यामुळे तो दरपत्रकांत दिसत नाही.

बाजारपेठ वाढली आहे यात शंका नाही, मात्र ती कशी वाढली हे खरेदीदाराने समजून घ्यावे. कंपन्यांचे कर्मचारी आयफोन आणि अँड्रॉइड फोन कामासाठी वापरू लागले तसे एमडीएम कंपन्यांना महत्त्व आले आणि लगेचच मोठ्या कंपन्या त्या विकत घेऊ लागल्या. एअरवॉच ही एमडीएम कंपनी २०१४ मध्ये व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १.५ अब्ज डॉलरला घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेली आणि २०२४ मध्ये एअरवॉचचा हा व्यवसाय केकेआर या गुंतवणूक संस्थेकडे जाऊन ओम्निसा या नावाने चालू लागला. मोबाईलआयर्न ही दुसरी एमडीएम कंपनी २०२० मध्ये इव्हान्टीने विकत घेतली. दहा वर्षांत इतक्या वेळा मालक बदलणाऱ्या उत्पादनावर छोट्या संस्थेने अवलंबून राहणे मला धोक्याचे वाटते, कारण प्रत्येक बदलानंतर परवान्याच्या अटी, दर आणि मदत करणारी माणसे बदलू शकतात.

त्याहून गंभीर गोष्ट नॉर्वेत घडली. जुलै २०२३ मध्ये तेथील १२ मंत्रालये वापरत असलेल्या व्यवस्थेत घुसखोरी झाल्याचे जाहीर झाले आणि त्यासाठी वापरलेली त्रुटी इव्हान्टीच्या मोबाईल व्यवस्थापन सर्व्हरमध्येच होती. तिचा वापर करून पासवर्डशिवाय सर्व्हरच्या काही भागांपर्यंत पोहोचता येत होते. नंतरच्या तपासात हा गैरवापर किमान एप्रिलपासून सुरू असल्याचे दिसले. शेकडो फोनवर हुकूम चालवणारा सर्व्हर ही गावातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगण्यासारखी सोय आहे. म्हणून ज्या संस्थेत त्या सर्व्हरकडे लक्ष देणारा पूर्णवेळ माणूस नाही, तिने तो स्वतःच्या कार्यालयात बसवू नये.

आता अपडेटविषयी. २०१५ मध्ये अँड्रॉइडमधील स्टेजफ्राइट ही त्रुटी उघड झाल्यानंतर गूगलने अँड्रॉइडसाठी दरमहा सुरक्षा पत्रक काढण्यास सुरुवात केली, परंतु त्यातली दुरुस्ती फोनपर्यंत पोहोचवणे उत्पादकाच्या हाती राहिले. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ या फोनना सात वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन मिळाले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथील बाजारात येणाऱ्या मॉडेलांसाठी, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक केले. आपले प्रतिनिधी वापरतात त्या कमी किमतीच्या हँडसेटची स्थिती अनेकदा याच्या अगदी उलट असते, आणि ते कधी कधी घरातल्या दुसऱ्या कोणी वापरून झालेले असतात. त्यामुळे परवाना शुल्कासाठी ठेवलेल्या रकमेतून सर्वांत जुने फोन बदलून देणे हा मला अधिक चांगला खर्च वाटतो.

आपल्याकडे प्रत्यक्षात होणारा हल्ला बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून येतो. वाहतूक चलन, लग्नाची पत्रिका किंवा बँकेची केवायसी अशा नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) येते, ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि आलेला ओटीपी परस्पर पुढे पाठवते. २०२४ च्या अखेरीस गूगलने भारतात प्ले प्रोटेक्टमध्ये, म्हणजे अँड्रॉइडमधील ॲप तपासणाऱ्या सुविधेत, अशी सोय आणली की, ब्राउझर किंवा मेसेजिंग ॲपमधून आलेले ॲप एसएमएस वा ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचण्याची व चालवण्याची मुभा) यांसारखी संवेदनशील परवानगी मागत असेल तर त्याची स्थापनाच अडवली जावी. हे संरक्षण फुकट आहे आणि ते कोणत्याही प्रतिनिधीने बंद केलेले नाही ना, हे तपासणे हे पहिले काम आहे.

फोन प्रतिनिधीच्या मालकीचा आहे, ही बाब कृपया दुय्यम समजू नका. बरेचसे प्रतिनिधी कमिशनवर काम करतात, आणि संस्थेने त्यांच्या संपूर्ण फोनचा ताबा मागितला तर ते नाराज होतील आणि त्यांची नाराजी रास्त असेल. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून कामाचा स्वतंत्र कप्पा करता येतो, ज्याला वर्क प्रोफाइल म्हणतात. त्यात संस्थेला वैयक्तिक छायाचित्रे व संदेश दिसत नाहीत आणि पुसायची वेळ आली तर फक्त कामाचा भाग पुसला जातो. मात्र हाच पडदा दुसऱ्या बाजूनेही आड येतो. एसएमएस वैयक्तिक भागात येतात, त्यामुळे तेथे घुसलेले घातक ॲप ओटीपी वाचू शकते आणि कामाच्या कप्प्यातील सुरक्षा ॲपला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून प्रतिनिधीचे लॉगिन केवळ एसएमएसच्या ओटीपीवर ठेवू नये. ते नोंदणीकृत फोनशी बांधलेले असावे आणि नव्या फोनवर सुरू करण्यासाठी शाखेतून मंजुरी लागावी.

कायद्याचा भाग संचालकांना नक्की सांगा, कारण विक्रेते सध्या त्याच्याच जोरावर घाई करतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण एखादे विशिष्ट उत्पादन घ्यावे, असे हा कायदा कोठेही म्हणत नाही. त्याखेरीज सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, तेव्हा फोन हरवल्यावर प्रतिनिधीने कोणाला फोन करायचा, हे आजच ठरवून ठेवा.

एवढे करूनही एमडीएम हवे असेल, तर क्लाउडवरचे, वर्क प्रोफाइल नीट चालवणारे आणि मराठीत किंवा निदान हिंदीत मदत देणारे पाहा. क्विक हीलचे सेकराइट आणि प्रोमोबीचे स्केलफ्यूजन यांच्यामागच्या दोन्ही कंपन्या पुण्याच्या आहेत. मी त्यांची शिफारस करत नाही, पण त्यांच्याकडून प्रात्यक्षिक मागणे सोपे आहे. ते प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या चकचकीत फोनवर घेऊ नका. तुमच्या यादीतला सर्वांत जुना फोन त्यांच्यापुढे ठेवा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: कंपनीची मालकी बदलल्यास दंडाशिवाय बाहेर पडता यावे, त्यांच्या सर्व्हरमध्ये त्रुटी आढळल्यास किती तासांत कळवतील ते नमूद असावे, आणि करार संपताना फोन मोकळे करून देण्याचे काम त्यांचे असावे. संस्थेच्या मालकीचे, पूर्ण नियंत्रणाखालील अँड्रॉइड फोन दुसऱ्या व्यवस्थेत नेताना सहसा फॅक्टरी रीसेट करावे (सगळी माहिती पुसून मूळ स्थितीत आणावे) लागतात, आणि ते काम मार्चअखेरीच्या धावपळीत अंगावर आले तर शाखेचे रोजचे व्यवहार अडतात.