व्हर्जिनियात ग्राउंडहॉग, कोयोट आणि हरीण या तिन्हींसाठी एकच रायफल घ्यायची असेल तर कोणतं कॅलिबर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की शेनॅन्डोआ खोऱ्यातल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या शेतावर शिकारीची परवानगी दिली आहे. उन्हाळ्यात सोयाबीन आणि गवताच्या रानात ग्राउंडहॉगांचा (बिळात राहून पिकं कुरतडणाऱ्या प्राण्यांचा) उच्छाद, अधूनमधून कोयोट (कोल्ह्यासारखं रानटी जनावर), आणि नोव्हेंबरात हरीण. आजवर रेंजवर फक्त .२२ चालवली आहे. ऑफिसातला मित्र .२२३ घे म्हणतो, दुकानदार .३०-०६ पुढे करतो, आणि तुम्हाला रायफल एकच घ्यायची आहे.

तुमच्या जागी मी .२४३ विंचेस्टर घेईन. कॅलिबर, म्हणजे गोळीची इंचातली जाडी, हरणावरून ठरवा आणि ग्राउंडहॉगसाठी फक्त गोळी बदला. बरेच जण उलटं करतात. वर्षभर छोट्या जनावरांवर जास्त गोळ्या झाडणार म्हणून छोटं कॅलिबर घेतात आणि हरणाच्या वेळी त्याच्याकडूनच काम भागवू पाहतात. ग्राउंडहॉगला कुठलीही सेंटरफायर (रेंजवरच्या .२२ पेक्षा जोरदार काडतुसाची) गोळी पुरते. हरणाला अपुरी गोळी लागली तर ते जखमी होऊन झाडीत पळतं आणि रात्रभर तडफडतं. म्हणून निर्णय हरणाच्या बाजूने व्हायला हवा.

तुमच्या राज्यात तर कायद्यानेच अर्धा प्रश्न सोडवला आहे. व्हर्जिनियात हरणासाठी रायफल किमान .२३ कॅलिबरची लागते. .२२३ रेमिंग्टनची गोळी .२२४ इंच जाड असते, म्हणजे ती बाद. .२२-२५० कितीही वेगवान असली तरी तिचीही गोळी तेवढीच जाड, तीही बाद. तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचाच असेल असं नाही, तो कदाचित दुसऱ्या राज्यात शिकार करत असेल. पोटोमॅक ओलांडून मेरीलँडमध्ये गेलात की नियम जाडीचा नाही, ताकदीचा आहे. तिथे काडतुसाची ऊर्जा नळीच्या तोंडाशी किमान १,२०० फूट-पाउंड हवी, आणि ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .२२३ साधारण १,२८० भरते, म्हणजे जेमतेम पास होते. कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर, किमान ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड, अशा तिन्ही अटी आहेत. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना तर हरणासाठी रायफल वापरताच येत नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण. व्हर्जिनियातही काही काउंटींमध्ये हरणासाठी रायफलला बंदी आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी डिपार्टमेंट ऑफ वाइल्डलाइफ रिसोर्सेसच्या नियमपुस्तिकेत त्या शेताची काउंटी शोधा. शेत आणि तुमचं घर वेगवेगळ्या काउंटीत असेल तर नियम शेताच्या काउंटीचा लागतो.

आता .२४३ च का? हे काडतूस विंचेस्टरने १९५५ मध्ये आणलं. .३०८ चंच पितळी कवच घेऊन त्याची मान आवळली आणि त्यात ६ मिलिमीटरची गोळी बसवली. कल्पना नेमकी तुमच्यासारख्या माणसाचीच होती: उन्हाळ्यात शेतातले उपद्रवी प्राणी आणि हिवाळ्यात हरीण. ५५-५८ ग्रेनची हलकी गोळी भरली तर ती सेकंदाला ३,८०० फुटांच्या आसपास सुटते. १०० ग्रेनची भरली तर २,९६० फुटांनी, आणि २०० यार्डांवर तिच्यात अजून १,३०० फूट-पाउंडांहून जास्त जोर शिल्लक असतो. व्हर्जिनियातली हरणं बहुतेक शंभर-दीडशे पाउंडांच्या घरातली. त्यांना हा जोर पुरेसा आहे. आणि धक्का? तेवढ्याच वजनाच्या रायफलमध्ये .३०-०६ चा धक्का .२४३ च्या साधारण दुप्पट बसतो. .२२ वरून थेट .३०-०६ वर गेलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपासून डोळे मिटायला आणि चाप झटकायला लागतो. एकदा अंगात शिरलेली ती सवय जाता जात नाही. दुकानदाराचं .३०-०६ उत्तम काडतूस आहे, अस्वलासाठी मीही तेच सुचवेन, पण तुम्हाला अस्वल मारायचं नाही.

त्याच १९५५ साली रेमिंग्टननेही .२४४ नावाचं ६ मिलिमीटरचंच काडतूस आणलं होतं. कागदावर ते .२४३ पेक्षा किंचित सरसच. पण रेमिंग्टनने गृहीत धरलं की हे लोक उपद्रवी प्राण्यांसाठी घेणार, आणि नळीतल्या खाचांचा पीळ सैल ठेवला, १२ इंचांत एक फेरा. विंचेस्टरने १० इंचांत एक फेरा ठेवला. गोळी जितकी लांब, तितका तिला घट्ट पीळ लागतो, नाहीतर ती हवेत डगमगते. रेमिंग्टनच्या नळीतून १०० ग्रेनची टोकदार गोळी भरवशाने जाईना, आणि हरणासाठी लोकांना तीच हवी होती. गिऱ्हाईक विंचेस्टरकडे गेलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने ९ इंचांचा पीळ देऊन तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणलं, पण तोवर बाजार हातातून गेला होता. तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच की रायफल घेताना पिळाचा आकडा विचारा. .२४३ मध्ये १० इंच चालतो, ९ किंवा ८ मिळाला तर फारच चांगलं. बहुतेक रायफलींच्या माहितीपत्रकात तो लिहिलेला असतो.

गोळीच्या बाबतीत मी हट्टी आहे. ग्राउंडहॉगसाठीच्या गोळ्यांचा तांब्याचा पापुद्रा मुद्दाम पातळ ठेवलेला असतो, पुढे प्लॅस्टिकचं टोक असतं, आणि लागताक्षणी ती फुटून चुरा होते. शेतात हे हवंच असतं, कारण दगडावर आपटून उसळायला तुकडा फारसा उरत नाही. पण तीच गोळी हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली तर हाडाशीच फुटते. वर मुठीएवढा भयानक खड्डा पडतो आणि फुप्फुसापर्यंत काही पोचत नाही. ते हरीण लगेच मरत नाही. हरणाची गोळी वेगळी असते: पापुद्रा जाड, आतलं शिसं त्याला घट्ट चिकटवलेलं, पसरली तरी एकसंध राहून आरपार जाणारी. खोक्यावर वजन आणि गोळीचं नाव दोन्ही वाचा. ‘व्ही-मॅक्स’ (अशाच फुटणाऱ्या गोळीचं नाव) लिहिलेलं खोकं हरणाच्या शिकारीला जाताना घरीच ठेवा. .२४३ ची बदनामी करणाऱ्या ‘हरीण पळून गेलं’ छापाच्या गोष्टी तुम्ही ऐकाल. अशा वेळी गोळी कोणती होती आणि कुठे लागली, एवढंच विचारा.

दोन प्रकारच्या गोळ्या ठेवायच्या म्हणजे स्कोप सतत फिरवत बसायचं का, ही शंका रास्त आहे, कारण एकाच रायफलमधून हलकी आणि जड गोळी एकाच जागी लागत नाही. १०० यार्डांवरच दोन-तीन इंचांचा फरक पडू शकतो, कधी वर-खाली, कधी बाजूलाही. पण ग्राउंडहॉगनेच इथे सोय करून ठेवली आहे. तो थंडी सुरू झाली की बिळात झोपी जातो आणि फेब्रुवारीच्या आसपास उठतो. म्हणजे वसंत ते शरद हलकी गोळी, आणि ऑक्टोबरात एक दिवस रेंजवर जाऊन जड गोळीला शून्य करायचं, म्हणजे ती नेमावर लागेल असा स्कोप जुळवायचा. नळी नीट पुसून घ्या, नव्या गोळीच्या चार-पाच फैरी झाडा, मग बाकावर रायफल टेकवून तीन-तीनचे गट बघा आणि स्कोपच्या किती टिचक्या फिरवल्या ते खोक्याच्या झाकणावरच लिहून ठेवा. पुढच्या वर्षी अर्धं काम वाचतं, तरी कागदावर खात्री करूनच रानात जा. हिवाळ्यात कोयोट समोर आला तर हरणाचीच गोळी वापरा. कातडं विकायचं नसेल तर काही बिघडत नाही.

नळी लवकर झिजते ही .२४३ वरची तक्रार खरी आहे. साउथ डकोटा-वायोमिंगकडे प्रेअरी डॉगवर (वसाहती करून बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्यांवर) दिवसाला शेकडो गोळ्या झाडतात, तिथे मी ती नेणार नाही, तिथे .२२३ च योग्य. ग्राउंडहॉगचं तसं नाही. बिळापाशी उभा राहिलेला एक दिसतो, एक गोळी, मग अर्धा तास सामसूम. नळी तापायलाही वेळ मिळत नाही.

पर्याय म्हणून ६.५ क्रीडमोर बघायला हरकत नाही. २००७ मध्ये आलेलं हे काडतूस लांबवर जास्त जोर टिकवतं, धक्का थोडा जास्त देतं, आणि त्याच्याही हलक्या गोळ्या मिळतात. पुढे पश्चिमेकडे मोठ्या शिकारीचा विचार असेल तर तेच घ्या. .२५-०६ मला मनापासून आवडतं, पण त्याची काडतुसं प्रत्येक दुकानात मिळतील असं नाही, आणि नवशिक्याला सहज मिळणारी काडतुसं लागतात.

घरात लहान मुलं असतील आणि मांस घरी खाणार असाल, तर हरणासाठी निव्वळ तांब्याची ८० किंवा ८५ ग्रेनची गोळी घ्या. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरवर मांसात शिरतात, डोळ्याला दिसत नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात दान म्हणून आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं आढळलं तेव्हा गरिबांच्या अन्नकेंद्रांना ते मांस वाटू नका असं सांगावं लागलं. रानात टाकलेली आतडी खाऊन गरुडांनाही विषबाधा होते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांब्याची महाग पडते, पण हरणासाठी वर्षाला एक-दोन खोकी लागतात, तेवढा खर्च करावा.

नेमाचं अंतर स्वतःच्या हाताने ठरवा, काडतुसाच्या तक्त्याने नाही. हरणाच्या पुढच्या पायामागे हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची. कागदाच्या थाळीवर गुडघा टेकून, झाडाला टेकून, बसून गोळ्या झाडा. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी थाळीत बसते तेवढंच तुमचं अंतर, मग ते ८० यार्ड का असेना. आणि मागे मातीचा उतार दिसत नसेल तर चापावर बोट नको. टेकडीच्या माथ्यावर उभं हरीण कितीही मोठं असलं तरी सोडून द्या. पलीकडे कुणाचं घर आहे ते तुम्हाला दिसत नाही.

व्हिसाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण ते आधी बघा. ग्रीन कार्ड असेल तर त्यामुळे अडचण नाही. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला एरवी मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, म्हणून परवाना आधी आणि रायफल नंतर. मित्राची रायफल ‘जरा चालवून बघतो’ म्हणून हातात घेणंही त्याच कायद्यात येतं. याबाबतीत दुकानदाराच्या शब्दावर न जाता इमिग्रेशन वकिलाला विचारा. पहिल्यांदाच परवाना काढताय, तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागेल. ऑनलाइन होतो, पण प्रत्यक्ष वर्ग मिळाला तर तोच करा. शेतमालकाची परवानगी लेखी घ्या आणि परवान्यासोबत खिशात ठेवा.